समोरच्या घरचा चहा

मध्यंतरी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला स्वयंपाकघराच्या खिडकीतली नवी रोपं दाखवत होते. धाकट्याची नजर रोपांवर गेलीच नाही. त्याने विचारलं, "आजी, व्हेअर इज हर फ्रॉक?" तो ओट्याशेजारच्या गॅस सिलिंडरबद्दल बोलत होता. तुम्ही दोघं इथे रास अल खैमाला आला होतात, तेव्हा सिलिंडरला मी पडद्याच्या उरलेल्या कापडाचा झालरीचा फ्रॉक शिवला होता आणि तुम्ही रोज सकाळी त्या बाईंना गुड मॉर्निंग म्हणायचात. आता तिथे एक ठेंगणा, चकचकीत सिलिंडर उघडाच उभा होता. मी म्हटलं, आपण गॅसची कंपनी बदलली, जुनी फार उशीर करायची. थोरलीने "ओके" म्हटलं आणि विषय संपला.

जुनी कंपनी कधीच उशीर करत नव्हती. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमची आई लहानपणी खोटं बोलली की मी तिला दोन पानं शुद्धलेखन लिहायला लावायचे, तेव्हा आता मलाही लिहिणं भागच आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, मला हे तुमच्यासाठी सोप्या इंग्रजीत लिहिता आलं असतं. पण इंग्रजीत लिहायला लागले की मी फार समजूतदार होते. म्हणून मराठीत लिहिते. आई वाचून दाखवेल.

खरं कारण असं, की मला मत्सर वाटला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईचा, आणि तोही एका गॅसवाल्यावरून.

तुमच्या मेलबर्नच्या घरी गॅस नळीतून येतो. तुमच्या बाबांनी गॅसची कंपनी बदलली तेव्हा मी तिथे होते. ते सोफ्यावर बसून फोनवर काहीतरी दाबत होते, पाच मिनिटांत झालं. शेगडी तीच, ज्योत तीच, बिलावरचं नाव तेवढं बदललं. आमची ही बिल्डिंग जुनी. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि गॅस माणसाच्या खांद्यावरून येतो. इथे कंपनी बदलली की माणूस बदलतो.

आमचा माणूस एकोणीस वर्षं तोच होता. पेशावरकडचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याची दाढी काळी होती, आता पांढरी आहे. फोन केला की तासाभरात खाली पिकअपचा हॉर्न दोनदा वाजायचा. खांद्यावर गोणपाटाची घडी, त्यावर सिलिंडर, आणि जिन्यात एका लयीत पडणारी पावलं. मी तोवर दारापासून ओट्यापर्यंत वर्तमानपत्रं अंथरून ठेवायची, टाइल्सना डाग पडू नयेत म्हणून. तो त्या वर्तमानपत्रांवरूनच चालायचा. एकोणीस वर्षांत एकदाही त्याचं पाऊल कागदाबाहेर पडलं नाही.

जुन्या सिलिंडरचे आटे उलटे असतात. नेहमीचा नट ज्या बाजूला फिरवून सैल करतो, त्या बाजूला फिरवून हा घट्ट करायचा. त्यासाठी त्याच्याजवळ पाना असे, पण गाडीतल्या गाडीत तो सारखा हरवायचा. म्हणून एक जादा पाना त्याने माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे, एका खिळ्यावर अडकवून ठेवला होता. जोड घट्ट झाला की मी साबणाच्या पाण्याची वाटी पुढे करायची, तो जोडावर फेस लावायचा आणि आम्ही दोघंही वाकून बुडबुडा येतो का ते पाहायचो. नाही आला की तो म्हणायचा, "खलास, मॅडम."

आणि मग मी म्हणायचे, चाय लो. दर वेळी तो म्हणायचा, नहीं मॅडम, ड्यूटी पे हूँ. त्याच्यासाठीचा कप मी खिडकीच्या कठड्यावर घासूनपुसून ठेवलेला असे. तो गेला की पुन्हा पालथा घालायचा. मला वाटे, काय शिस्तीचा माणूस आहे, अगदी आपल्यासारखा. इथल्या मराठी बायका प्लंबरच्या, एसीवाल्याच्या तक्रारी सांगायला लागल्या की मी "आमचा गॅसवाला" सुरू करत असे. ड्यूटीवर असताना कुणाकडे पाणीसुद्धा घेत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की तुमचे आजोबा माझ्याबरोबर ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी कुटुंब आलं. नवरा इथल्या सिरॅमिकच्या कारखान्यात लागला. ती चाळिशीची, मूळची सांगलीची. त्याआधी ते दुबई मरीनाच्या कुठल्याशा उंच टॉवरमध्ये राहत होते, तिथे शेगडी विजेची. आल्या आल्या ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मला सिलिंडरची भीती वाटते हो." मला ते ऐकून बरं वाटलं. मी तिला सगळं शिकवलं. रात्री झोपताना कॉक कसा बंद करायचा, नळी कधी बदलायची, फेस कसा लावायचा. गॅसवाल्याचा नंबर मी माझ्या अक्षरात कागदावर लिहून तिच्या फ्रिजवर चिकटवला. म्हणजे त्याला तिच्या दारापर्यंत मीच नेलं, हे लक्षात ठेवा.

तिचं घर तुम्हाला फार आवडेल. मला आवडत नाही. दार सताड उघडं, दारात चपलांचा ढीग, डायनिंग टेबलावर लॅपटॉप, कोथिंबीर आणि इस्त्रीचे कपडे एकत्र. एका जातीचे दोन कप सापडायचे नाहीत. पण संध्याकाळी तिच्याकडे कुणी ना कुणी असतंच. पूर्वी बिल्डिंगमध्ये कुणाला जिरं हवं असलं, थर्मामीटर हवा असला, तर माझी बेल वाजायची. आताही वाजते, पण जिरं घेऊन मंडळी समोर जाऊन बसतात. हसणं मला इकडे ऐकू येतं. इथवर मी स्वतःशी म्हणत होते की तरुण आहे, हौशी आहे, चालायचंच.

मग गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी खाली हॉर्न दोनदा वाजला. मी तर फोन केला नव्हता. पावलं आमच्या मजल्यावर आली आणि समोर गेली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं, सहज. सिलिंडर आत गेला, रिकामा बाहेर आला. आणि मग माझा गॅसवाला तिच्या डायनिंग टेबलाशी खुर्ची ओढून बसला. उघड्या दारातून सगळं दिसत होतं. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, ताटलीत थालीपीठ ठेवलं. त्याने थालीपिठाचा तुकडा चहात बुडवला. मग म्हणाला, "बाजी, चीनी थोड़ी और."

त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला बाजी म्हणतात. ही त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. मी एकोणीस वर्षं मॅडम.

त्याने खिशातून फोन काढून तिला फोटो दाखवले. ती म्हणाली, "चाचा, बेटी किती गोड दिखती है हो," अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं. त्याला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. मी भिंगाला डोळा लावून उभी होते आणि माझी एक भुवई भिंगाच्या गार कडेला टेकली होती, एवढंच मला नीट आठवतं. तो गेला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं.

मला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. एकदा त्याने माझ्या घरी बसून चहा प्यावा, एवढंच. पण ते इतकं हवंसं वाटायला लागलं की मी माझ्यासारखी राहिले नाही. आठवड्याभरातच मी त्याला फोन केला, सिलिंडर निम्म्याहून जास्त भरलेला असताना. बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा कापला, आलं किसलं, दूध आटवलं. तो आला, सिलिंडर उचलताना त्याला वजन कळलं असणार, पण त्याने तो नेहमीसारखाच दाराबाहेर नेऊन ठेवला. बुडबुडा आला नाही. खलास मॅडम. चहाचा वास सगळ्या घरात सुटला होता. मी कप पुढे केला. त्याने हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, नहीं मॅडम, ड्यूटी पे हूँ.

सिलिंडर लावल्याची तारीख मी नेहमी कॅलेंडरवर निळ्या पेनाने लिहिते. त्या दिवशी लिहिली नाही. तुमच्या आजोबांनी विचारलं असतं, इतक्या लवकर कसा संपला म्हणून.

त्यांना कळायचं ते कळलंच. मी भिंगापाशी उभी असताना ते पेपर वाचत असत. एकदा पेपरामागून म्हणाले, "सासष्टाव्या वर्षी सवत आली गं तुझ्यावर."

मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नका."

"मग कोणावर रागावलीयस? तिच्यावर की त्याच्यावर?"

मी म्हटलं, मी रागावलेलीच नाही. ते म्हणाले, मग त्या दारापाशी एक खुर्ची ठेवून देतो, पाय दुखतील.

इथे आमच्या पाच मराठी घरांची दर महिन्याला एका रविवारी जेवणं असतात, आळीपाळीने. जानेवारी माझा होता. तुम्हाला माझी जेवणं ठाऊक आहेत. पानं मांडण्याआधी मी टेबलाचा कागदावर नकाशा काढते. मसालेभात झाला होता, भाजी झाली होती, श्रीखंड फ्रिजमध्ये होतं. पाहुणे आल्यावर गरम पुऱ्या तळायच्या म्हणून कढई ठेवली. चौथ्या पुरीला ज्योत पिवळी झाली, मग निळी, मग गेली. एरवी कॅलेंडर पाहून मी आठवडाभर आधीच फोन करत असे. पण कॅलेंडरवर ती नोव्हेंबरची तारीख कुठे होती?

मी फोन केला. वीस मिनिटांत हॉर्न वाजला. मी वर्तमानपत्रं अंथरली, दार उघडून उभी राहिले. तो वर आला, खांद्यावर सिलिंडर, आणि माझ्याकडे न वळता समोरच्या दारात शिरला. बाहेर येऊन त्याने हात जोडले. म्हणाला, बाजींनी काल संध्याकाळीच सांगितलं होतं, आज रविवार, गोदाम संध्याकाळशिवाय उघडणार नाही, गाडीत हा एकच भरलेला होता; शाम तक ला दूँगा, इन्शाल्ला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी रांग पाळणारी बाई आहे. आधी सांगेल त्याला आधी, हे मीच लोकांना ऐकवत असते.

आणि ती हात पुसत बाहेर आली, माझ्याच जेवणाची पाहुणी, आणि म्हणाली, "काकू, त्यात काय एवढं! इकडे तळू की पुऱ्या."

तिने लाटलेल्या पुऱ्यांचं ताट उचललंसुद्धा. तिच्यामागे दोघीजणी मदतीला गेल्या. मग गरम गरम खायला हव्यात म्हणून एकेक जण ताट घेऊन उठला. तिच्या टेबलावरचा लॅपटॉप आणि कपडे कुणीतरी पलंगावर टाकले, आणि माझी बारा माणसं त्या पसाऱ्यात उभ्या उभ्या जेवली. माझ्या हॉलमध्ये मी, बारा घडी घातलेले नॅपकिन आणि मसालेभात. तुमचे आजोबाही गेले होते. परत आले तेव्हा मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "पुऱ्या छान फुगल्या होत्या."

संध्याकाळी तो म्हटल्याप्रमाणे सिलिंडर घेऊन आला. मी तोपर्यंत नवीन कंपनीला फोन केला होता. त्यांचा स्टिकर कधीपासून दाराबाहेर मीटरच्या पेटीवर चिकटलेला होता. त्याला मी दारातूनच सांगितलं की नको, आता गरज नाही. तो दोन मजले चढून एक बाकी असतानाच मी वरून सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्याला तिसरा मजला चढू दिला. हे मी आजोबांनाही सांगितलेलं नाही.

तो "अच्छा मॅडम" म्हणाला आणि सिलिंडर तसाच खांद्यावर घेऊन खाली गेला.

दुसऱ्या दिवशी नवीन कंपनीची दोन माणसं आली. युनिफॉर्म, हातमोजे, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, त्यामुळे माझ्या वर्तमानपत्रांची गरजच पडली नाही. त्यांनी जुना सिलिंडर नेला, नवी नळी लावली, खट्कन बसणारा नवा रेग्युलेटर लावला. ना पाना, ना फेस. एका यंत्राने जोड हुंगला आणि हिरवा दिवा लागला. मग एकाने कागदावरच्या सूचना मला मोठ्याने वाचून दाखवल्या. पुढच्या वेळी फोनसुद्धा करायचा नाही, ॲपवर बटण दाबायचं. सगळं दृष्ट लागण्यासारखं. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, समोरच्या बाईला दिसावं म्हणून.

तिला दिसलं. ती म्हणाली, "अय्या काकू, किती छान! पण मग आपल्या चाचांचं काय?"

आपल्या. मी म्हटलं, सर्व्हिस बघावी लागते. मग मी आत येऊन नव्या सिलिंडरला फ्रॉक घालून पाहिला. तो ठेंगणा आणि जाड, त्यामुळे गळा बसेना आणि झालर जमिनीवर लोळायला लागली. फ्रॉक धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला. त्याच आठवड्यातल्या रविवारी तुमचा तो कॉल आला.

पुढे महिनाभराने एका दुपारी बेल वाजली. दारात तो होता, हातात काहीच नाही. समोरचा सिलिंडर देऊन झाला होता. माझ्या फोनवाचून तो माझ्या दारात कधी उभा राहिला नव्हता. म्हणाला, "मॅडम, वो पाना ले जाऊँ?"

मी पाना विसरले होते. तो अजून दारामागच्या खिळ्यावर होता. मी तो काढून त्याच्या हातात दिला आणि तिथेच माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "एक बात पूछूँ? उसके यहाँ बैठके चाय पीते हो. मेरे यहाँ उन्नीस साल में एक बार भी नहीं. क्यों?"

त्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्याची नजर खिडकीच्या कठड्याकडे गेली. तिथे तो कप पालथा होता, पांढरा, कडेला निळी रेघ.

"मॅडम, वो प्याला," तो म्हणाला. "मैं पहली बार आया, तब प्लंबर उसमें पी रहा था. आपने धो के अलग रखा. आपके प्याले अलमारी में थे." मग म्हणाला, "मुझे बुरा नहीं लगा. आपके घर का तरीक़ा है. बाजी के यहाँ तो सब प्याले मिले हुए हैं."

हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं की समोर ऐकू जाऊ नये. माझी अब्रू त्याने सांभाळली.

तुम्हाला हे समजावून सांगणं मला जड जातं. माझ्या सासूबाईंच्या घरात बाहेरून कामाला येणाऱ्या माणसांचा कप वेगळा असे. तो वेगळा घासायचा, वेगळा ठेवायचा. मी सून म्हणून गेले तेव्हा मनात नाक मुरडलं होतं, मी शिकलेली मुलगी होते. आणि मग या देशात आले, माझं स्वतःचं स्वयंपाकघर मांडलं, आणि पहिल्याच आठवड्यात एक कप खिडकीत ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. मला तो कधी सासूबाईंचा कप वाटलाच नाही. मला तो टापटिपीचा भाग वाटायचा. डस्टर वेगळा, पायपुसणं वेगळं, तसा कप वेगळा. मी तो आदल्या दिवशी घासून ठेवायची आणि मनात म्हणायची, आपण किती अगत्याने वागतो.

मी कपाटातून गुलाबी फुलांचा सेट काढला, जो तुम्हाला हात लावू देत नाही तो. चहाचं आधण ठेवलं. म्हटलं, बैठो, अभी बनाती हूँ. तो दारातच उभा. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

"मॅडम, रोज़ा है."

रमजान सुरू होऊन चार दिवस झाले होते. इतकी वर्षं या देशात राहून, खालच्या हॉटेलचे पडदे ओढलेले रोज बघून, मी भर दुपारी त्याच्यासाठी चहा टाकत होते. मी गॅस बंद केला. तो म्हणाला, "ईद के बाद," आणि पाना घेऊन गेला. ईदनंतर म्हणजे खरंच ईदनंतर, की नुसतं बोलायचं म्हणून, ते मला कळलं नाही. भिंगातून पाहिलं तर तो समोर थांबला होता आणि तिला सांगत होता की पाना आता बाजींच्या घरी ठेवतो. तिने तो घेतला आणि चपलांच्या कपाटावर कुठेतरी टाकला. मला तो खिळा रिकामा बघवेना. मी त्यावर कॅलेंडर लावून पाहिलं, पण ते वाकडं दिसायला लागलं.

तो महिना मी कसा काढला ते लिहीत नाही. खिडकीतला कप मी उचलला. फेकून देणं मला जमत नाही, धडका कप आहे. तो मी इतर कपांमध्ये ठेवून दिला. तुमचे आजोबा हल्ली सकाळचा चहा त्यातूनच पितात. त्यांना फरक कळलेला नाही.

ईद होऊन आठवडा झाल्यावर मी जुना नंबर लावला. ॲपवाल्यांचा सिलिंडर संपत आला होता, आणि या वेळी तो खरंच संपत आला होता. पलीकडून त्याने विचारलं, "मॅडम?" मी म्हटलं, सिलिंडर चाहिए. खाली हॉर्न दोनदा वाजेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता.

वर्तमानपत्रं मी अंथरलीच. तेवढं मला सुटत नाही. जुना रेग्युलेटर मी ड्रॉवरमध्ये चिठ्ठी लावून ठेवला होता, तो काढून दिला. आम्ही वाकून फेस पाहिला. खलास, मॅडम. मग मी डायनिंग टेबलाची खुर्ची मागे ओढली. तो कागदावरून उतरून टाइल्सवरून चालत आला आणि बसला. मी दोन गुलाबी कप भरले, एक त्याचा, एक माझा. गवती चहा, आलं, आटवलेलं दूध. त्याने तीन चमचे साखर घेतली, घोट घेतला आणि मान हलवून म्हणाला, "अच्छी है. बाजी इलायची डालती हैं."

तो कौतुकानेच बोलत होता. मी हसले. कुठे काय दुखलं ते मलाच ठाऊक.

त्याने मला मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले. मी पहिल्यांदाच पाहतेय असा चेहरा केला. उठताना त्याने खिशातून नवा कोरा पाना काढला. जुन्याचं काय झालं, मी विचारलं. तो म्हणाला, "बाजी के घर में मिलता ही नहीं." आणि स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन त्याने तो माझ्या खिळ्यावर अडकवला. तिच्याकडे भावाचं नातं, आणि हत्यार ठेवायला मी. पण त्या क्षणी मला कुणी साडी-चोळी केली असती तरी इतका आनंद झाला नसता.

तो गेल्यावर मी बाईंना फ्रॉक घातला. बरोबर बसला. धाकट्याला सांगा.

तो मला अजून मॅडमच म्हणतो. आणि त्या दिवशी माझ्याकडून निघून तो समोर गेला, तिच्याकडे सिलिंडर नव्हता तरी गेला, आणि तिने पुढे केलेला चहा पुन्हा प्यायला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही असं लिहिणार होते, पण हे सगळं खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून लिहिते आहे. पाहिलं. माझ्याकडे नऊ मिनिटं, तिच्याकडे चौदा. पूर्वी सतरा असायची.